बारा ठिपके

बाबा दुधाच्या पिशवीचं वजन करायचे. रोज नाही, आठवड्यातून एकदाच, आणि तेही वार बदलून, म्हणजे बूथवाल्याला अंदाज येऊ नये. रद्दीवाला आला की त्याच्या तराजूत आधी आमच्या घरचं किलोचं माप पडायचं, मग रद्दी. पोस्टाने आलेलं पाकीट फोडण्याआधी ते ट्यूबलाइटसमोर धरून बघायचे, आणि आजोळहून पत्र आलं तर आतली तारीख वरच्या शिक्क्याशी ताडून बघायचे. माणूस वाईट नव्हता हो, कामच तसलं होतं. एका मंत्रालयाच्या विजिलन्स सेक्शनमध्ये ते होते. दिवसभर त्यांच्या टेबलावर दुसऱ्या सरकारी माणसांच्या लबाड्या यायच्या: खाडाखोड केलेल्या जन्मतारखा, मागाहून घुसवलेली पानं, एकाच पेनाने झालेल्या तीन जणांच्या सह्या. संध्याकाळी चार्टर्ड बसमधून उतरले की तीच नजर घेऊन घरी यायचे. चष्मा काढून ठेवायचे, नजर मात्र तशीच असायची.

आर. के. पुरममधलं आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, मागे हातभर हिरवळ, आणि पुढे जाळीचं दार. त्या दाराला स्प्रिंग होती. बाबा घरात शिरताना एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मटार-गाजरांची पिशवी, म्हणून दार डाव्या पायाने अडवून धरायचे आणि आपल्या मागून येणाऱ्याला म्हणायचे, "लवकर, डास येतील." मे असो की जानेवारी, वाक्य तेच. वरच्या मजल्यावरून कढीपत्त्याची फोडणी यायची, शेजारून सरसोंच्या तेलाचा खमंग वास, आणि आमच्याकडून बहुतेक वेळा मेथीच्या थालीपिठाचा. जाळीच्या आत मराठी, जाळीच्या बाहेर हिंदी. आई मात्र आत येतानासुद्धा थोडं हिंदी पायाला लावून आणायची, कारण तिचा अर्धा दिवस मागच्या उन्हात शेजारणींबरोबर स्वेटर विणण्यात जायचा. विणकाम ती दिल्लीतच शिकली, म्हणून टाक्यांना ती कधी टाके म्हणाली नाही. फंदे म्हणायची.

आणि आमचे जबाब व्हायचे. म्हणजे बाबा आल्या आल्या विचारायचे, "कुठे होतीस?" आपण उत्तर द्यायचं. मग चहा, बातम्या, जेवण, सगळं झालं की भातावर ताक घेता घेता सहज विचारल्यासारखं, "मग बस कुठून पकडलीस?" दोन उत्तरं जुळली नाहीत की ताकाचा पेला खाली यायचा. मी लहानपणापासून दोन्ही उत्तरं पाठ करूनच घरात शिरायचे. आज माझी चाळिशी उलटली, पण अजून कुरिअरवाल्याला दारात उभं करून त्याच्यासमोर पाकीट फोडते. माझी मुलगी म्हणते, "आई, तू पण ना यार, बिल्कुल आजोबा आहेस." तिला वाटतं ती मला चिडवतेय.

माझा भाऊ नितिन, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, जबाबात कच्चा होता. त्याने पाच महिने सांगितलं की तो इंजिनिअरिंगच्या क्लासला जातोय. एका सोमवारी ताकाच्या वेळी बाबांनी विचारलं, "तुमचे फिजिक्सचे सर चष्मा लावतात का रे?" दादा म्हणाला, हो. मंगळवारी बाबा ऑफिसातून अर्धी रजा टाकून क्लासवर गेले. सर चष्मा लावत नव्हते, आणि दादा मार्चपासून तिथे फिरकला नव्हता. तो सगळा वेळ पलीकडच्या गल्लीतल्या बंटीच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसायचा. बाबांनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला मी नोकरीतून काढतो. घरात कसा ठेवू?" दादानेही मग पुढचं काही न बोलता बॅग भरली. आई मधे पडली, रडली, दोघांच्याही हाता-पाया पडायची बाकी राहिली. ऑगस्ट होता. पंधरा दिवसांनी मानेसरहून पोस्टकार्ड आलं: गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात लागलोय, चार जणांत एक खोली घेतलीय, कंपनीची बस येते, काळजी करू नका. खाली पत्ता. बाबांनी शिक्का बघितला, तारीख ताडली, आणि कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. पत्ता होता, तिकडे जायचं नव्हतं.

आमच्या घरीही एक कॉम्प्युटर होता, बदली होऊन गेलेल्या एका शेजाऱ्याकडून आलेला जुना. त्यावर एक गेम होता, किल्ल्याचा. खोल्या ओलांडत जायचं, शेवटच्या दरवाज्यावर पहारेकरी उभा, तो दार उघडतो की संपलं. दादा आणि मी तो इतक्यांदा खेळलो होतो की पहारेकऱ्याच्या दाढीचे केस मोजून सांगितले असते. दादा गेला त्या रविवारी बाबांनी तो गेम पुसून टाकला. त्यांचं म्हणणं, या गेमपायीच मुलगा हाताबाहेर गेला. तेव्हापासून दर रविवारी दात घासून झाले की ते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि सगळ्या फाइलींची तारीखवार यादी काढून बघायचे. नवीन काही दिसलं की "हे काय?" अनोळखी फाइल उघडायची नाही, हा घरातला कायदा. ऑफिसात कोणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये अशाच एका फाइलीतून व्हायरस शिरला होता म्हणे.

अशात डिसेंबरात बंटी दारात आला. त्याच्या वडिलांची गुवाहाटीला बदली झालेली, गल्लीत ट्रक उभा, ट्रकमध्ये पलंग चढत होता. घाईघाईने माझ्या हातात एक फ्लॉपी कोंबून म्हणाला, "नितिन ने दी है, मेरे कंप्यूटर पे बनाई है. अंकल को दिखाना. बस ये फाइल गेम में पुरानी वाली के ऊपर डाल देना, और आखिरी गेट तक खेलना. समझ जाएंगे." मी काही विचारणार तोवर त्याची आई ओरडली आणि तो पळाला. संध्याकाळपर्यंत ट्रक गेलासुद्धा. म्हणजे गेम पुसलेला, दादाला त्याचा पत्ता नाही, बंटी आसामच्या वाटेवर, आणि माझ्या हातात एक फ्लॉपी. तिच्यात एकच फाइल. नावापुढे अशी तीन अक्षरं की विंडोजने सरळ हात वर केले: कशाने उघडू ते तूच सांग.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. संशय आला. चार महिने मला एक ओळ लिहिली नाही या माणसाने, आणि आता फाइल पाठवतोय, तीही बाबांना दाखवायला? अंकल समझ जाएंगे म्हणजे काय समजतील? दादा रागाने धुमसत गेला होता, ते मी बघितलं होतं. बॅगेची चेन लावताना त्याचं तोंड कसं झालं होतं तेही. त्यात काही वेडंवाकडं असलं तर? बाबांचा स्वभाव असा की एकदा शेरा मारला की मारला, पुढची पन्नास वर्षं त्यात बदल नाही. आई रोज कुकरच्या शिट्ट्यांत रडून घ्यायची, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी ठरवलं, आधी मी बघणार, आणि दाखवण्यासारखं असेल तरच दाखवणार. बाबांची लेक होते मी, त्यांचा कागद त्यांच्याआधी उजेडात धरून बघितला तर काय बिघडलं?

बारावीची प्री-बोर्ड तोंडावर, म्हणून दुपारभर मी घरीच. फाइल कॉम्प्युटरमध्ये उतरवायची सोय नव्हती, कारण रविवारची झडती. म्हणून मी फ्लॉपीवरूनच उघडायची. दादाने पूर्वी टाकून ठेवलेला एक चिमुकला प्रोग्रॅम होता, कुठल्याही फाइलीतले नुसते आकडे दाखवणारा. बाबांनी त्याला अजून हात लावला नव्हता, नाव इतकं रटाळ होतं. त्यात उघडलं तर पानंच्या पानं आकडे. पण मधेमधे एकच आकडा ओळीने तीस-तीसदा यायचा. मला वाटलं, हे आभाळ किंवा भिंत असेल, एकाच रंगाचे ठिपके शेजारी शेजारी. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतला एक चित्रांचा प्रोग्रॅम होता, बाबांच्या मंजुरीचा. तो असली फाइल उघडायला तयार व्हायचा, पण आधी विचारायचा: एका ओळीत ठिपके किती? आता मला काय माहीत! मी ऐंशी टाकले. पडद्यावर तिरक्या पट्ट्या आल्या, पावसाळी खिडकीसारख्या. सत्तर टाकले, पट्ट्या दुसरीकडे कलल्या. तीन दुपारी मी आकडे टाकत बसले. प्री-बोर्डच्या केमिस्ट्रीत त्या वर्षी मला जे मार्क पडले त्याला हे कारण आहे, आता सांगायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी आई मागून येऊन उभी राहिली. माझी पाचावर धारण बसली. हातात तिचं विणकाम, एक मरून बाही अर्धी झालेली. ती पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फंदे चुकलेत तुझे."

"आई, हा कॉम्प्युटर आहे."

"असू दे ना. हे बघ, वरच्या ओळीत हे काळं इथे, खालच्या ओळीत तेच दोन घरं सरकलंय, त्याखाली आणखी दोन. ओळीत दोन फंदे कमी घेतलेस की डिझाइन असंच पळतं. किती घेतलेस?"

"सत्तर."

"बहात्तर घे."

मी बहात्तर टाकले, आणि तिरकं पळणारं सगळं सरळ उभं राहिलं. रंग नव्हते, फोटोच्या निगेटिव्हसारखी राखाडी करड्यांची खिचडी, पण माणूस दिसत होता. छातीपर्यंतचा. मिशी, चष्मा, मफलर. आणि स्वेटरवर शक्करपाऱ्यांची, म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांसारखी, नक्षी. आईच्या हातातून सुई निसटली. "अगं, हे माझं डिझाइन!" म्हणाली. "हे यांचं स्वेटर!" मग जिभेवर दादाचं नाव आलं आणि तिने ते गिळलं. "कुणी काढलं?" मी सांगितलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, पडद्याला दोन बोटं लावली, आणि म्हणाली, "यांना दाखव. आज नाही. मूड बघून." नंतर ती उठून मोरीत तोंड धुवायला गेली, पाणी बराच वेळ वाहत होतं.

मला मात्र त्या चित्राकडे बघून धस्स झालं. गेममधल्या पहारेकऱ्याच्या जागी दादाने बाबांना उभं केलं होतं. पहारेकरी म्हणजे कोण, तर दार अडवून उभा राहणारा. आणि तोंड! मिशीखाली एकच काळी रेघ, घट्ट मिटलेली. दादा क्लासच्या लबाडीत सापडला त्या दिवशी होतं तेच तोंड, हुबेहूब. मी मनाशी म्हटलं, बस, हेच. चार महिने बसून याने बापाचं व्यंगचित्र काढलं, आणि वर म्हणतोय समझ जाएंगे. बाबा समजतीलच. ते समजले की मानेसरचं पोस्टकार्ड ड्रॉवरमधून केराच्या डब्यात जाईल आणि आई आयुष्यभर कुकर लावत बसेल. त्याखाली फाइलीत आणखी काय आहे ते मी बघितलंच नाही. उंची मी अंदाजाने कमीच दिली होती, पहिलं चित्र मावेल एवढी. ती वाढवून खाली बघावं हे डोक्यातच आलं नाही. शेरा मारून झाला होता ना माझा.

दुसऱ्या दिवशी आई भाजी आणायला गेल्यावर मी आकड्यांचा प्रोग्रॅम उघडला. मिशीखालची रेघ शोधायला तासभर गेला. एका ओळीत बारा काळे ठिपके. पांढऱ्याचा आकडा मी शर्टाच्या कॉलरवरून हुडकला, आणि काळ्याच्या जागी बारा पांढरे टाकले. दात. बाबा दात दाखवून हसतायत. आमच्या घरात बाबांचे दात फक्त बेसिनसमोर दिसायचे, पण मी म्हटलं, दादाने प्रेमाने काढले असतील असं वाटेल. सेव्ह केलं. फ्लॉपीने कुर्रर्र आवाज केला आणि गप्प झाली. मग चित्र उघडलं, या वेळी उंची मोठी देऊन. मिशीपर्यंत बाबा जागच्या जागी, आणि मिशीखालचं सगळं, हनुवटी, मफलर, स्वेटर, बारा घरं उजवीकडे सरकलेलं. उजवा खांदा कडेवरून गायब होऊन डावीकडून उगवलेला. त्याखाली आणखी चार चित्रं होती, माझ्या नजरेला पहिल्यांदाच पडत होती, आणि तीही सगळी तशीच तुटून सरकलेली. पांढरे बारा मी काळ्यांच्या जागी टाकलेच नव्हते. त्यांच्या अलीकडे घुसवले होते. दुसरी प्रत मी काढलीच नव्हती. दादाची चार महिन्यांची मेहनत, एकुलती एक, आणि ती मी मोडली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. कोणीतरी मोठे पुढारी गेले म्हणून ऑफिसं लवकर सुटली होती. मी कॉम्प्युटर बंद केला, रसायनशास्त्र उघडलं, उलटं धरलंय हे दिसल्यावर सुलटं केलं. बाबा आत आले, बॅग ठेवली, आणि बूट न काढता कॉम्प्युटरकडे जाऊन मॉनिटरच्या पाठीवर तळहात ठेवला.

"सुरू कर."

"बाबा, मी अभ्यास..."

"गरम आहे. सुरू कर."

सुरू केला. फ्लॉपी आतच होती. "कुणाची?" मी म्हटलं, दादाची. मागून पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. आई दारात उभी होती, पिशवीतून एक गाजर घरंगळत पलंगाखाली गेलं, कोणी उचललं नाही. बाबा खुर्ची ओढून बसले. मी सगळं सांगितलं, बंटी, ट्रक, शेवटचा दरवाजा. म्हणजे जवळजवळ सगळं.

"मग हे फाटल्यासारखं का दिसतंय?"

"उघडून बघताना चुकून माझ्या हातून आकडे जास्त पडले. बारा."

"बारा? मोजलेस?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ताकाचा पेला खाली येणार. पण त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कुठून बिघडलंय? इथून, मिशीखालून. म्हणजे वरचं सगळं बरोबर. आमच्याकडे कोणी मागाहून पान घुसवलं की पुढच्या सगळ्या पानांचे नंबर चुकतात. लोक घाबरून अख्खी फाइल चाळत बसतात. तसं करायचं नाही. नंबर पहिल्यांदा चुकला तीच जागा. तिथले बारा काढ, पुढचं आपोआप आपल्या जागी येईल." आणि ते उठले. "मी बूट काढून येतो," म्हणाले.

आता त्या जागी चोवीस ठिपके होते. आधी माझे बारा पांढरे, मग दादाचे बारा काळे. कुठलेही बारा काढले तरी बाकीचं सगळं जागेवर येणार होतं. बाबांच्या बुटांच्या नाड्या सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा माझ्याकडे होता. माझे काढले असते तर मी सुटले असते. दादाचा कागद दादाचा राहिला असता, मग बाबा जाणोत आणि दादा जाणे. डोळ्यांसमोर ते मिटलेलं तोंड, आणि त्याकडे बघणारं तसंच मिटलेलं खरं तोंड. मी दादाचे बारा काढले आणि सेव्ह केलं.

बाबा मोजे घालूनच आले. पडद्यावर बाबा, समोर बाबा. त्यांनी विचारलं, "हा मी?"

"नाही तर कोण?" आई म्हणाली. "स्वेटर बघा की."

"हसतोय."

"हो," मी म्हटलं.

"नितिनने काढलं असं?"

"हो, बाबा."

त्यांनी मान हलवली. "खाली ने." मी खाली नेलं. दुसऱ्या चित्रात किल्ल्याचा दरवाजा नव्हताच, आमचं जाळीचं दार होतं, आणि पहारेकरी पाठमोरा. तिसऱ्यात त्याच्या एका हातात बॅग, दुसऱ्यात पिशवी. चौथ्यात दार थोडं उघडलेलं. पाचव्यात दार सताड उघडं, आत स्वयंपाकघराचा दिवा, आणि पहारेकरी बाजूला होऊन उभा, डाव्या पायाने दार अडवून. एवढंच. गेममध्ये हे भरभर दिसलं असतं, पहारेकरी वळला, दार उघडलं, आत ये. बाबांनी त्या पायाकडे बघितलं, मग खाली आपल्या मोज्यातल्या पायाकडे बघितलं. म्हणाले, "डावा." आईने पदर तोंडाला लावला. आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाने बाबांना वाट अडवायला उभं केलंच नव्हतं. त्याने आत घ्या म्हटलं होतं, त्याला जमेल तशा ठिपक्यांत, आणि मी खालची चार चित्रं न बघता त्याचं काम नासवायला निघाले होते.

बाबा खुर्चीतून उठले ते ड्रॉवरशी गेले. पोस्टकार्ड काढलं. "रविवारी मानेसरची बस कुठून मिळते?" असं आईला विचारलं. दिल्लीतल्या एकूण एक बसचा नंबर पाठ असलेल्या माणसाने. आई म्हणाली, धौला कुआंवरून. आणि शनिवारभर बसून तिने ती मरून बाही पुरी केली. ते स्वेटर कोणासाठी चाललंय हे महिनाभरात बाबांनी एकदाही विचारलं नव्हतं, हे मला त्या दिवशी लक्षात आलं.

हरियाणाच्या त्या बसमध्ये बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता. मानेसरला शेअर ऑटो करून पत्ता शोधला. तीन मजली इमारत, जिन्यात सायकली, गच्चीवर निळे कारखान्याचे शर्ट वाळत घातलेले. दादा बनियनवर, हातात साबणाची वडी, आमच्याकडे बघतच राहिला. वाळला होता. आईने त्याला धरलं. बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे. म्हणाले, "जेवलास?"

"हो, जेवलो."

मग खोली बघितली, चार खाटा, एक स्टोव्ह, खोलीतल्या पोरांना लाडू दिले. दहा मिनिटांनी बाबा खिडकीतून बाहेर बघता बघता म्हणाले, "काय जेवलास?"

"अजून कुठे, आत्ताशी उठलोय..."

"आधी जेवलो म्हणालास."

मग दादाला हसू फुटलं, आणि हसता हसता तो खाटेवर बसून रडायला लागला. बाबा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले, डोक्यावर हात ठेवला, तो कुठे ठेवायचा हे माहीत नसल्यासारखा. "चल घरी," म्हणाले. "नोकरी कर हवी तर. घरून कर."

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बाबांनी दार पायाने अडवलं आणि दादाला म्हणाले, "लवकर, डास येतील." डिसेंबरच्या त्या थंडीत एक डास दाखवला असता तर मी शंभर उठाबशा काढल्या असत्या. दादाने घरात आल्यावर चित्र बघितलं. मला मागच्या हिरवळीवर ओढून कानाशी म्हणाला, "दात कुणी घातले?" मी म्हटलं, चूप. मग म्हणाला, "मी जसे आहेत तसे काढले होते गं. पण जाऊ दे. बाबांना कधी सांगू नकोस. त्यांना वाटू दे." आणि आम्ही दोघांनी ते पंचवीस वर्षं पाळलं.

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मात्र राहवेना. आई नाही आता. दादा पुण्याला असतो. बाबा द्वारकेच्या फ्लॅटमध्ये, माझ्यापासून दोन मेट्रो स्टेशनांवर. गेल्या आठवड्यात दुपारी गेले. ते बाल्कनीत उन्हात बसले होते, अंगात आईने नंतर त्यांच्यासाठी विणलेलं मरून स्वेटर, शेजारी वाटीत कवळी. मी म्हटलं, बाबा, एक सांगायचंय. ती फ्लॉपी. ते दात दादाचे नव्हते.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"दादाने सांगितलं?"

"तूच सांगितलंस. बारा जास्त पडले म्हणालीस, मोजून. नुसतं बघणाऱ्याच्या हातून कागद फाटतो, हरवतो, चहा सांडतो. वाढत नाही. वाढला म्हणजे कोणीतरी लिहिलंय." मग म्हणाले, "म्हणून तर बूट काढायला गेलो. म्हटलं, बघू काय करते."

एवढा पक्का माणूस, समोर धडधडीत खोटा कागद, आणि तरी रविवारी बस पकडली? तसं विचारलंसुद्धा.

"मी तो पाय बघून निघालो," बाबा म्हणाले. "तो खरा होता." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, तीच जुनी नजर, ताकाच्या वेळची. "तू काढून टाकलेस त्या बारांत काय होतं?"

"तोंड," मी म्हटलं. "घट्ट मिटलेलं."

"मग बरोबर होतं त्याचं," बाबा म्हणाले, आणि हसले. तोंड उघडून, अगदी मनापासून. कवळी वाटीतच होती.